भिंतीला टेकलेली पोरं

‘कुठं निघालास?’ आईनं विचारलं की दादा पायात चपला सरकवत म्हणायचा, ‘कुठं नाही.’ आणि खरोखरच तो कुठं जात नसे. चाळीचा जिना उतरून खालच्या पायरीवर बसे. तिथं त्याच्या वयाची चार-पाच पोरं आधीच जमलेली असत. कुणी कठड्याला रेललेला, कुणी भिंतीला पाठ लावून उभा. दुपारी जेवायला वर यायचं, जेवलं की परत खाली. रात्री आई गॅलरीतून हाक मारीपर्यंत तिथंच.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, दादा सतरा. बाबांचं आयुष्य भोंग्यावर चालत आलेलं. पहिल्या पाळीचा भोंगा, दुसऱ्या पाळीचा भोंगा. घरातला चहा, अंघोळ, डबा सगळं त्या आवाजाला बांधलेलं. दादानंही आधी बदली म्हणून लागायचं आणि पुढं कायम व्हायचं, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं. मग आमच्या बाजूच्या गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला. बाबा पुढं कित्येक वर्षं त्याच वेळेला उठून बसत राहिले. दादाला उठायची वेळच उरली नाही.

त्या पायरीवरचा दादा मला पुन्हा दिसला तो एका फ्रेंच चित्रपटात. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी नोकरीला लागलो होतो आणि शनिवारी संध्याकाळी फिल्म सोसायटीच्या खेळांना जात असे. त्या दिवशी मात्यू कासोवित्झचा ‘ला एन’ होता. १९९५चा चित्रपट, कृष्णधवल. ‘एन’ म्हणजे द्वेष. नाव वाचून मी रक्तपाताच्या तयारीनं बसलो होतो. सुरुवातही तशीच होते. दंगलीची खरी चित्रणं, रस्त्यावरचे पोलीस, दगड, धूर आणि त्यावर बॉब मार्लेचं गाणं. पण त्यानंतर पडद्यावर १०:३८ ही वेळ उमटते, आणि पुढं बराच वेळ काहीच घडत नाही. तीन पोरं आपल्या वसाहतीत फिरतात, बसतात, भांडतात, पुन्हा फिरतात. मधूनमधून नवी वेळ उमटते आणि घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मला त्या टिकटिकीनं धरून ठेवलं. कुणाला कुठंही वेळेवर पोहोचायचं नसताना घड्याळ इतक्या काटेकोरपणे का दाखवतात, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

व्हिन्झ ज्यू आहे, युबेर काळा आणि सईद अरब. व्हँसाँ कासेल, युबेर कूंदे आणि सईद ताग्माउई या तिघा नटांनी जवळपास आपल्याच नावांनी ही कामं केली आहेत. आदल्या रात्री वस्तीत दंगल झालेली आहे, कारण त्यांच्या ओळखीच्या अब्देल नावाच्या पोराला पोलिसांनी कोठडीत मारहाण केली आणि तो आता रुग्णालयात मरणाच्या दारात आहे. त्या गोंधळात एका पोलिसाचं रिव्हॉल्व्हर हरवलं आणि ते व्हिन्झला सापडलं. अब्देल गेला तर मी एका पोलिसाला उडवीन, असं तो म्हणतो. इथून पुढच्या सकाळी ०६:०१पर्यंतचा हा चित्रपट. वीस तासही पुरे नाहीत.

ही कथा हवेतून आलेली नव्हती. ६ एप्रिल १९९३ रोजी पॅरिसच्या अठराव्या विभागातल्या एका पोलीस ठाण्यात, चौकशी चालू असताना, झाईरमध्ये जन्मलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात गोळी घातली गेली. कासोवित्झनं त्याच दिवशी लिहायला घेतलं. त्याच्याआधी डिसेंबर १९८६मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनाच्या रात्री मालिक उसकीन हा तरुण पोलिसांच्या मारानं मेला होता, आणि तो तर आंदोलनात नव्हताच. एखादा मुलगा सकाळी घरातून बाहेर पडतो, संध्याकाळी मेलेला असतो. मधल्या वेळात त्याचं काय झालं, या प्रश्नातून आपण चित्रपटाकडे वळलो, असं कासोवित्झ सांगत आला आहे.

चित्रपट जिथं घडला ती जागा मी नंतर नकाशात शोधली. शाँतलू-ले-व्हीन्य, पॅरिसच्या वायव्येला सुमारे तीस किलोमीटरवर. नावातला ‘व्हीन्य’ म्हणजे द्राक्षमळे. त्या मळ्यांच्या गावात सत्तरच्या दशकात ‘ला नोए’ ही वसाहत उभी राहिली, मुख्यतः जवळच्या प्वासी गावच्या मोटार कारखान्यातल्या कामगारांसाठी. वास्तुकार एमिल आयो हा काही रुक्ष माणूस नव्हता. सरळसोट ठोकळे त्याला आवडत नसत, म्हणून त्यानं इमारती वळवल्या, चौकांना आकार दिले, आणि भिंतींवर कवींचे प्रचंड चेहरे काढून घेतले. बोदलेअरचा चेहरा चित्रपटातही दिसतो. त्या चेहऱ्यासमोरून ही तीन पोरं हात खिशात घालून जातात. मला आयोबद्दल वाईट वाटतं. कामगारांच्या मुलांनी रोज कवींच्या डोळ्यांखाली खेळावं, असं वाटणारा माणूस होता तो. पण वसाहत भरते न भरते तोच, १९७३च्या तेलसंकटानंतर, फ्रान्सनं परदेशी कामगारांना दार बंद केलं. पुढं १९८३मध्ये प्वासीच्या त्या कारखान्यानं सुमारे तीन हजार माणसं कमी करायची घोषणा केली. संप झाला, कारखान्याच्या आत मारामाऱ्या झाल्या. कामगारांत मोरोक्को, अल्जीरिया, सेनेगलहून आलेले किती तरी. हे १९८३ साल वाचताना माझं बोट पानावर थांबलं. आमचा संप तेव्हा दुसऱ्या वर्षात होता.

‘बाँलिय’ हा उपनगराला फ्रेंच शब्द. जुन्या काळी शहराभोवतीच्या एका कोसाच्या पट्ट्यावर शहराच्या धन्याचा हुकूम चाले, तो हा शब्द. हुकूम शहराचा, राहणं शहराबाहेर. आजही ते वर्णन जुनं झालेलं नाही.

त्या वस्त्यांतल्या पोरांनी स्वतःचे शब्द तयार केले. अक्षरं उलटीपालटी करून बोलायची त्यांची ‘व्हेरलाँ’ भाषा आहे. आमच्या चाळीत मुली च-च्या भाषेत ‘चलातु चहितीयेमा का’ असं बोलायच्या, त्याच जातीची. आमच्याकडे तो खेळ मोठं होताच सुटला, तिकडे तिच्यातले शब्द शब्दकोशात जाऊन बसले. पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते रिकामपणाचे शब्द. एक शब्द ‘गालेर’. मूळ अर्थ कैदी वल्ही मारत ते जहाज. वस्तीतली पोरं दिवस काढण्याला, पैसा नसण्याला, काहीच पुढं न सरकण्याला ‘गालेर’ म्हणतात. फ्रांस्वा द्युबे या समाजशास्त्रज्ञानं १९८७मध्ये या पोरांवर पुस्तक लिहिलं, त्याला हेच नाव दिलं. वल्ही मारून मारून हात सोलवटायचे आणि जहाज आपलं नाही, किनाराही आपला नाही. दुसरा शब्द अल्जीरियातला, ‘हितिस्त’. अरबी ‘हीत’ म्हणजे भिंत, तिला फ्रेंच प्रत्यय लावलेला. भिंतीला टेकून उभा राहणारा तो हितिस्त. जणू हाही एक धंदाच. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा दादाच्या शर्टाच्या पाठीवरचा चुन्याचा डाग आठवला. आई रोज चिडायची, रोज घासायची. मला त्या डागाला नाव मिळालं होतं.

आपल्याकडे ‘टाइमपास’ हा शब्द आहे आणि तो आपण हसत वापरतो. दादाच्या तोंडून मी तो कधी ऐकला नाही.

चित्रपटातला रिकामा वेळ कसा दाखवलाय, ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. खेळाच्या जागेत एक लहान मुलगा व्हिन्झला टीव्हीवर पाहिलेल्या छुप्या कॅमेऱ्याच्या कार्यक्रमाची गोष्ट सांगतो. गोष्ट लांबत जाते, तपशील वाढत जातो. शेवटी व्हिन्झ विचारतो, ज्याची फजिती केली तो नट कोण होता? पोराला माहीत नसतं. तिथंच दृश्य संपतं. कामधंदा असलेला माणूस ती गोष्ट मध्येच तोडून निघून गेला असता. हे तिघे ऐकत राहतात, कारण ऐकायला वेळ आहे. दुसऱ्या एका प्रसंगात कुणीतरी खिडकीत ध्वनिवर्धक ठेवून पोलिसांना शिव्या देणाऱ्या रॅपमध्ये एदित पियाफचा आवाज मिसळतो, आणि कॅमेरा हळूच इमारतींच्या वर उठून वसाहतीवरून तरंगत जातो. त्या अख्ख्या भागात वस्तीबाहेर सहज निघालेला तो एक कॅमेराच.

आणि एक गाय. व्हिन्झला वसाहतीच्या मधोमध गाय दिसते. बाकीच्यांना दिसत नाही, ते त्याला वेडा ठरवतात. समीक्षकांनी तिचे नाना अर्थ लावले. मला अर्थ लावावासा वाटत नाही. रिकाम्या दिवसाला अशी एखादी गोष्ट दिसते, आणि आपण पाहिली हे कुणालाही पटवता येत नाही.

युबेर तिघांत शहाणा. त्यानं धडपडून मुष्टियुद्धाची व्यायामशाळा उभी केली होती, ती आदल्या रात्रीच्या दंगलीत जळाली. जाळणारे वस्तीतलेच. तो जळक्या खोलीत एकटाच पिशवीवर ठोसे मारत राहतो. मग घरी जातो. भाऊ तुरुंगात, आई शिवणयंत्रावर, बहीण अभ्यासाला बसलेली, गॅसचं बिल भरायचं राहिलेलं. तो आईला म्हणतो, मला इथून निघून जायचंय. आई मान वर करत नाही. निघालाच आहेस आणि वाटेत वाण्याचं दुकान लागलं तर लेट्यूसचा एक गड्डा घेऊन ये, अशा अर्थाचं काहीसं म्हणते. फिल्म सोसायटीच्या अंधारात लोक हसले. मीही हसलो असेन. पण घरी येताना लोकलमध्ये तेवढं एकच दृश्य पुन्हापुन्हा समोर येत होतं. मुलाला सगळं आयुष्य बदलायचं होतं आणि आईला रात्रीची भाजी हवी होती. दोघंही खरं बोलत होते. ती आई कठोर नाही. एक मुलगा तिच्या हातून गेलाच आहे. दुसऱ्याला परत घरी आणायला तिच्याजवळ त्या गड्ड्याशिवाय दुसरं निमित्त नव्हतं.

आमची आई दादाला काय सांगायची? ‘येताना कोथिंबीर आण.’ तो चार पायऱ्या खाली बसणार आहे हे ठाऊक असताना.

वस्तीत टीव्हीवाले येतात तो प्रसंगही तसाच रुतून बसला. बाई गाडीतून उतरत नाही, काचेतूनच विचारते, काल तुम्ही दंगलीत होता का? काही फोडलंत, जाळलंत? युबेर म्हणतो, हे काही त्वारी नाही. सईद विचारतो, त्वारी म्हणजे काय? तर ते पॅरिसपासून थोड्या अंतरावरचं प्राणिसंग्रहालय, जिथं गाडीत बसूनच जनावरं पाहायची असतात. सईदला ते माहीत नाही, हे मला फार लागलं. अपमान कळायलाही आधी थोडं हिंडलेलं असावं लागतं.

संध्याकाळी तिघं पॅरिसला जातात आणि चित्रपटाची भाषाच बदलते. वस्तीतल्या दृश्यांत कासोवित्झनं अशी भिंगं वापरली की माणसं आणि इमारती एका चौकटीत एकत्र राहतात. पॅरिसमध्ये त्यानं लांब पल्ल्याची भिंगं लावली आणि मागचं शहर पुसट झालं. वस्तीत आवाज चहूबाजूंनी येतो, पॅरिसमध्ये तो आक्रसतो. पोरं आपल्या घरात जमिनीला जोडलेली आणि शहरात चिकटवलेल्या कागदासारखी. त्यांना शहरानं काही भयंकर करायच्या आधीच हे दिसून जातं. भयंकर पुढं होतंच. सईद आणि युबेरला पकडून दोन पोलीस कोठडीत खुर्चीला बांधून छळतात, आणि एक नवशिका पोलीस बाजूला बसून पाहत राहतो. त्याला ते आवडत नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तो उठत नाही. सुटेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असते, आणि मग रात्रभर पुन्हा तेच: वेळ काढणं.

रिव्हॉल्व्हरबद्दल मी बरीच वर्षं विचार केला. व्हिन्झ आरशासमोर अमेरिकन चित्रपटातल्या नायकाची नक्कल करतो. बोटांचंच पिस्तूल करून स्वतःच्या प्रतिबिंबाशी बोलतो. खरं हत्यार हाती आल्यावर त्याची चाल बदलते. मला वाटतं, त्याला कुणाला मारायचं नसतंच. त्या लोखंडामुळं त्याच्या दिवसाला पहिल्यांदा एक ‘पुढं’ मिळतं. अब्देल मेला तर अमुक होईल: एवढं एक वाक्य त्याच्या हातात असतं, आणि त्याच्या आयुष्यात भविष्यकाळाचं ते एकमेव वाक्य आहे. पहाटे एका स्किनहेडवर नळी रोखून उभा राहिल्यावर त्याच्याच्यानं घोडा ओढवत नाही. त्या स्किनहेडचं काम स्वतः कासोवित्झनं केलंय. सकाळी व्हिन्झ ते हत्यार युबेरच्या हवाली करतो, आणि काही मिनिटांतच एका पोलिसाच्या हातून सुटलेल्या गोळीनं मरतो. मग युबेर आणि तो पोलीस एकमेकांवर हत्यार रोखून उभे. सईद डोळे मिटून घेतो. गोळीचा आवाज येतो, कुणाची ते कळत नाही. टिकटिक तेवढी त्याच्याआधी ऐकू आलेली असते.

कान महोत्सवात कासोवित्झला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला; तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. चित्रपटाचा चमू पायऱ्या चढत असताना बंदोबस्तावरच्या पोलिसांनी पाठ फिरवली. पंतप्रधान आलाँ ज्युपे यांनी मंत्र्यांसाठी खास खेळ ठेवला. मंत्र्यांनी पाहिला. दहा वर्षांनी, २७ ऑक्टोबर २००५ रोजी, क्लिशी-सू-ब्वा इथं पोलिसांना घाबरून विजेच्या उपकेंद्रात लपलेली दोन मुलं विजेच्या धक्क्यानं मेली. एक सतरा वर्षांचा, दुसरा पंधरा. आधीच गृहमंत्री सार्कोझी वस्तीतल्या पोरांसाठी जाहीरपणे हलकट जमात अशा अर्थाचा शब्द वापरून बसले होते. तीन आठवडे फ्रान्सची उपनगरं पेटली, नऊ-दहा हजार गाड्या जळाल्या, आणि सरकारनं आणीबाणी लावली ती १९५५च्या कायद्याखाली, जो अल्जीरियाच्या युद्धासाठी केलेला होता. आजोबांसाठी केलेला कायदा नातवांना लागला.

गाड्या कुणाच्या जळाल्या? शेजाऱ्यांच्या. शाळा, बालवाड्या, व्यायामशाळा त्यांच्याच. तेव्हा सगळीकडे हाच प्रश्न ऐकू यायचा, की ही पोरं आपलंच घर का जाळतात? युबेरची व्यायामशाळा जाळणाऱ्यांना कासोवित्झ दाखवत नाही, म्हणून मलाही उत्तर देता येत नाही. पण नोव्हेंबर २०१९मध्ये त्याच शाँतलूमध्ये, लहान मुलांना कसरती शिकवणाऱ्या सर्कशीचा तंबू दंगलीत जळाला, ते वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो. ज्याचं काही चालत नाही त्याच्या हाताला लागतं ते जवळचंच. दादानं एकदा रागानं बाबांचा खुंटीवरचा डबा जिन्यावरून खाली भिरकावला होता. बाबांचा, ज्यांच्यावर त्याचा राग नव्हता. झाकण चेपलं ते कायमचं.

या चित्रपटात मला खुपणारं आहे, तेही सांगितलं पाहिजे. बायका जवळजवळ नाहीत. आई, आजी, बहिणी स्वयंपाकघराच्या चौकटीत येतात आणि जातात. भिंतीला टेकायला जागा मिळते ती पोरांना; त्यांच्या बहिणींना बिलं, भावंडं आणि घरकाम. रिकामा वेळसुद्धा बायकांच्या वाट्याला आला नाही, आमच्या चाळीतही. सेलिन सियामानं २०१४मध्ये ‘बांद द फीय’ काढून उपनगरातल्या काळ्या मुलींकडे कॅमेरा नेला, तोवर दोन दशकं गेली. दुसरं असं की, कासोवित्झ वस्तीतला नाही. चित्रपट दिग्दर्शकाचा मुलगा आहे, हे त्याला तेव्हाही ऐकवलं गेलं. माझं मत वेगळं आहे. तो आणि नट चित्रणाआधीपासून त्या वसाहतीत राहायला गेले, आणि ते पडद्यावर दिसतं. पण वस्तीतल्याच माणसानं काढलेला चित्रपट वेगळा असतो, हेही खरं. १९८५मध्ये नांतेरच्या झोपड्यांत वाढलेल्या मेहदी शारेफनं तसा चित्रपट काढला होता. २०१९मध्ये माँफेरमेयच्या लाज लीनं ‘ले मिझेराब्ल’ काढला. ह्यूगोच्या त्याच नावाच्या कादंबरीतली खाणावळ याच माँफेरमेयमध्ये होती. आणि जून २०२३मध्ये नांतेरमध्ये नाकाबंदीवर पोलिसाच्या गोळीनं सतरा वर्षांचा मुलगा गेला. पुन्हा सतरा.

दादा आता साठीचा आहे. पायरीवरून तो उठला तो कुरिअरच्या नोकरीसाठी, मग सुरक्षारक्षक झाला, लग्न केलं, डोंबिवलीला गेला. तो वाचला. त्याच्याबरोबरचे सगळे वाचले नाहीत. एकाला दारूनं नेलं, एक असा गेला की घरातले अजून त्याचं नाव काढत नाहीत. गेल्या दिवाळीत मी त्याला पुतण्याच्या लॅपटॉपवर ‘ला एन’ दाखवला. मराठी सोडून तो काही धड वाचत नाही, म्हणून मी शेजारी बसून सांगत गेलो. तो काही बोलला नाही. मधे एकदा उठून पाणी प्यायला. कोठडीच्या प्रसंगाला त्यानं खिडकीकडे पाहिलं. शेवटची गोळी वाजली, पडदा काळा झाला, पुतण्यानं दिवा लावला.

‘त्या काळ्या पोराच्या आईनं भाजी मागितली होती ना,’ दादा म्हणाला. ‘ती नेली का रे त्यानं?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘नंतर त्याचं कुणीच काही बोलत नाही.’

‘मग ती वाट बघत असणार,’ तो म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.